‘मैफल’च्या नोंदी: बंदिश बांधणं वेगळं, गाणं वेगळं

२६ ऑक्टोबर २०२५, रविवार

दिवाळी आटोपली. फराळाचे डबे अजून अर्धे भरलेले आहेत, तेवढ्यात भाची लॅपटॉप घेऊन माझ्या खोलीत आली. नववीत आहे, शाळेत पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा सुरू झालीय. म्हणाली, “आत्या, सगळं बरोबर लिहिलंय, लाल रेघ कुठे नाही, पण तो काहीच करत नाही.”

पाहिलं तर तीन ओळींचं फंक्शन, म्हणजे नाव देऊन ठेवलेलं छोटं काम, नीट लिहिलेलं होतं. बोलावलं मात्र कुठेच नव्हतं. मी म्हटलं, तू फक्त सांगून ठेवलंयस की हे असं करायचं. आता कर म्हणून कुणी सांगायचं? तिचा चेहरा कोराच. “लिहिलं म्हणजे करायचंच ना?”

खाली भाऊकाका तबला जुळवत होते. मी सहज बोलून गेले, “भाऊकाकांनी तुला बंदिश शिकवली म्हणजे ती गाऊन झाली का? शिकवणं एकदा, गाणं हवं तितक्या वेळा.” तिला एकदम पटलं. मग म्हणते, “तर मग पायथनमध्ये बंदिश असं का नाही लिहीत?”

रात्री झोप येईना. लिहून टाकू या की अशी भाषा. गमतीचीच, पण चालणारी. नाव ‘मैफल’. तिचा इंटरप्रिटर, म्हणजे तिच्या ओळी वाचून चालवणारा प्रोग्रॅम, पायथनमध्ये.

आधी इतरांनी काय केलंय ते चाळलं. डेव्हिड मॉर्गन-मार यांची ‘शेफ’ २००२ सालची. तिच्यात प्रोग्रॅम म्हणजे पाककृती, व्हेरिएबल म्हणजे जिन्नस, आणि स्टॅक (आकड्यांची चळत) म्हणजे कालवायचं भांडं. फंक्शन म्हणजे जोडीची पाककृती, ‘अमुकसोबत वाढा’ म्हटलं की हाताखालचा आचारी ती करायला घेतो. मजा अशी की या आचाऱ्याला मुख्य आचाऱ्याच्या भांड्यांच्या नकला मिळतात, मूळ भांडी नाहीत. त्यानं आत काहीही ढवळलं तरी बाहेरचं बिघडत नाही. त्याचं झालं की त्याच्या पहिल्या भांड्यातलं सगळं मुख्य आचाऱ्याच्या पहिल्या भांड्यात ओतलं जातं. तोवर मुख्य आचारी हात बांधून उभा. थट्टा म्हणून केलेल्या भाषेत फंक्शनचे नियम किती नेटके बसवलेत!

‘लोलकोड’ २००७ ची, ॲडम लिंडसे यांची, मांजरांच्या मोडक्या इंग्रजीतली. तिच्यात फंक्शनची सुरुवात ‘हाऊ इझ आय’ आणि शेवट ‘इफ यू से सो’. म्हणजे ‘मी हे कसं करू’ आणि ‘तू म्हणतोस तर तसं’. उत्तर द्यायचं तर ‘फाउंड यर’, सापडलं बुवा! हे वाचून मी एकटीच हसले.

२८ ऑक्टोबर

ऑफिसचं काम संपवून शब्द ठरवायला बसले. पहिला आराखडा:

> बंदिश तिहाई (बोल, दम) ।
> सम बोल * ३ + दम * २ ।
> संपूर्ण
>
> दाखव गा तिहाई(३, १) ।

‘बंदिश’ म्हणजे व्याख्या, ‘गा’ म्हणजे बोलावणं, ‘सम’ म्हणजे उत्तर घेऊन परत येणं, ‘संपूर्ण’ म्हणजे बंदिश संपली. व्हेरिएबलसाठी ‘धर’. ओळीच्या शेवटी दंड, आपल्या जुन्या पोथ्यांतला.

‘गा’ लिहायची सक्ती मुद्दाम ठेवली. पायथनमध्ये नुसतं नाव आणि कंस लिहिले की फंक्शन चालतं. कंस विसरले की चालत नाही आणि एररही येत नाही. नवशिक्याला तो कंस दिसतच नाही. ‘गा’ दिसतं.

उदाहरणाला तिहाई का घेतली? कारण घरात दिवसभर तीच ऐकू येते. एकच बोल तीनदा वाजवायचा, दोन वेळा मध्ये थांबायचं (तो थांबा म्हणजे दम), आणि शेवटचा घात समेवर, जिथे तालाचं नवं आवर्तन सुरू होतं तिथे. दम असेल तर दमदार तिहाई, नसेल तर बेदम. बोलाची लांबी आणि दमाची लांबी दिली की एकूण मात्रा मिळतात. दोन पॅरामीटर, एक उत्तर. याहून सोपं फंक्शन शोधून सापडणार नाही.

३० ऑक्टोबर

टोकनायझरनं, म्हणजे ओळीतले शब्द आणि आकडे सुटे करणाऱ्या भागानं, रडवलं.

शब्द वेगळे काढायला पायथनच्या रेगेक्समधली (मजकुरात नमुने शोधायची सोय) नेहमीची खूण वापरली होती, ‘शब्दातलं अक्षर’ या अर्थाची. ‘बंदिश’ दिलं तर परत काय आलं? ब, द, श. ‘तिहाई’चं झालं त, ह, ई. ‘गा’चा नुसता ग. वेलांट्या, काने, अनुस्वार सगळे गळून पडलेले. कारण ती खूण अक्षरं आणि अंक धरते, पण देवनागरीतली स्वरचिन्हं युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी यादी) लेखी अक्षरं नव्हेत, अक्षराला चिकटणाऱ्या खुणा आहेत. ज्यानं हे ठरवलं त्याला बाराखडी कुणी शिकवली नसावी.

मग देवनागरीचा सगळा पट्टाच घेतला, ०९०० पासून ०९७एफ पर्यंत. नावं जुळली. पण ‘धर अ = ब।’ असं दंडाआधी जागा न सोडता लिहिलं तर ‘ब।’ हेच नाव होऊन बसलं, कारण दंडही त्याच पट्ट्यात राहतो, ०९६४ वर. आकडेही तिथलेच. तेव्हा आधी आकडे तपासायचे, मग दंड, आणि उरलेलं ते नाव. हे एवढं कळायला रात्रीचा दीड वाजला.

एक सुखाची गोष्ट: पायथनला ‘१६’ देवनागरीत दिलं तरी तो मुकाट सोळा समजतो. त्यासाठी काहीच करावं लागलं नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

आज भाषा पहिल्यांदा बोलली. वरचा आराखडा दिला, उत्तर ११. भाचीला बोलावून दाखवलं. तिनं लगेच स्वतःची तिहाई लिहिली:

> बंदिश तिहाई (बोल) ।
> सम बोल * ३ + दम * २ ।
> संपूर्ण
>
> धर दम = १ ।
> दाखव गा तिहाई(३) ।

कंसात दम द्यायची विसरली. तरी उत्तर ११ आलं. ती खूष आणि मी अस्वस्थ. चुकलं असतं तर बरं झालं असतं. तिनं पुढे आणखी एक बंदिश लिहिली, तिच्या आत दम चारचा धरलेला, आणि तिथून तिहाई गायली तर उत्तर १७. त्याच तिहाईला तोच बोल दिला आणि उत्तर वेगळं.

घोळ माझा होता. नाव सापडलं नाही की माझा इंटरप्रिटर बोलावणाऱ्याच्या खिशात हात घालत होता. तिथेही नसेल तर त्याला बोलावणाऱ्याच्या. लिस्प या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत सुरुवातीच्या काळात असंच चालायचं. १९७५ मध्ये स्कीम भाषा आली आणि तिनं व्हेरिएबलची व्याप्ती कोडात कुठे लिहिलंय त्यावरून ठरवली, कुणी बोलावलं त्यावरून नव्हे. लोलकोड तर याहून कडक आहे. तिथे फंक्शनला बाहेरचं काहीच दिसत नाही.

मी लोलकोडचीच वाट धरली. बंदिशीला तिच्या कंसात दिलेलं तेवढंच दिसेल, आणि इतर बंदिशींची नावं. आता भाचीचा प्रोग्रॅम थांबतो आणि सांगतो: ‘दम कोण? ओळख नाही.’

तिला समजावताना म्हटलं, गवई मैफलीला निघाला की आपला तानपुरा आपण नेतो. शेजारच्याच्या बैठकीतून परस्पर उचलत नाही. ती म्हणाली, “पण भाऊआजोबा तर हातोडी नेहमी दुसऱ्याचीच वापरतात.” हे खरं आहे.

पॅरामीटरच्या क्रमाचाही धडा आजच झाला. तिला हवी होती समेपासून समेपर्यंतची त्रितालातली तिहाई, म्हणजे १७ मात्रा: सोळा आणि वर पुढची सम. बोल ५, दम १. तिनं लिहिलं ‘गा तिहाई(१, ५)’. उत्तर १३. काकांना विचारलं तर ते लगेच म्हणाले, “तेरा? मग ती एकतालाची झाली की.” एकताल बारा मात्रांचा, वर सम एक. क्रम उलटा पडला आणि एका तालाची तिहाई दुसऱ्या तालात जाऊन बसली. एरर कसली येणार, उत्तर बरोबरच होतं, फक्त प्रश्न दुसरा होता.

८ नोव्हेंबर

आजची नोंद मोठी होणार.

नवी बंदिश लिहिली. कुठल्या मात्रेपासून सुरू केलं, बोल किती, दम किती हे दिलं की शेवटचा घात कुठे पडेल ते सांगणारी:

> बंदिश शेवट (सुरू, बोल, दम) ।
> सम (सुरू + बोल * ३ + दम * २ - १) % १६ ।
> संपूर्ण

उत्तर शून्य आलं की तिहाई समेवर आली, असं धरलं. सोळानं भागून बाकी शून्य, म्हणजे आवर्तन पुरं झालं. मग पायथनमधून ही बंदिश निरनिराळ्या आकड्यांनी चालवली आणि खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून बसणाऱ्या तिहाया मागितल्या. आलं: बोल २, दम १.

कौतुकानं खाली गेले. काका झोपाळ्यावर. त्यांनी हातावर ताल धरला आणि म्हणायला सुरुवात केली: कत धा, एक मात्रा गप्प, कत धा, गप्प, कत धा. आणि थांबले. हात हवेतच.

“एक मात्रा आधीच उतरलीस. ही सोळावी आहे. सम कुठाय?”

मी वर जाऊन कोड पाहिलं, पुन्हा खाली, पुन्हा वर. नऊ अधिक सहा अधिक दोन वजा एक, सोळा. सोळाला सोळानं भागलं, बाकी शून्य. गणित चोख होतं.

काकांनीच सांगितलं. “अगं, सम सोळावी नसते. सम पहिली. सोळा संपल्यावर जी येते ती.” आणि लगेच बरोबर ती करून दाखवली: तिट कत धा, तिट कत धा, तिट कत… आणि शेवटचा धा असा काही मांडीवर मारला की स्वयंपाकघरातून आईनं विचारलं काय पडलं. नऊपासून मोजा: ९, १०, ११, १२, १३, १४, १५, १६ आणि धा एकवर. बोल ३, दम शून्य, एकूण ९ मात्रा. माझा प्रोग्रॅम आठांतच समाधान मानत होता.

चूक अशी. तबलजी एकपासून मोजतो आणि बाकी काढणारा शून्यापासून. मी सुरुवात काकांच्या पद्धतीनं दिली, नऊ, आणि शेवट माझ्या पद्धतीनं तपासला, शून्य. संगणकाला शून्य दिसलं आणि त्याला वाटलं सम. ती होती सोळावी मात्रा, समेच्या उंबरठ्यावरची. कुंपणाचे खांब आणि मधली अंतरं यांची ही जुनीच गफलत, नोकरीत दर दोन महिन्यांनी निस्तरते. पण तिथे कुणी हात हवेत धरून माझ्याकडे बघत नाही.

उपाय सोपा: आत सगळं शून्यापासून मोजायचं. सम शून्य, खाली आठ. मग आठ अधिक नऊ वजा एक, सोळा, बाकी शून्य, आणि ही खरी सम.

काकांना सांगितलं, आता सम म्हणजे शून्य. ते उखडलेच. “शून्य खालीचं चिन्ह आहे! समेला फुली.” आणि बरोबरच आहे. पंडित भातखंड्यांच्या संगीतलेखनाच्या लिपीत समेखाली × काढतात आणि खालीखाली ०. काका ज्या माधव संगीत महाविद्यालयात शिकले ते १९१८ मध्ये भातखंड्यांच्याच मदतीनं इथे ग्वाल्हेरात सुरू झालं. त्या लिपीबद्दल त्यांच्यापुढे वाद घालणं म्हणजे पुजाऱ्याला आरती शिकवणं. शंभर वर्षं ज्या जागेला शून्य म्हणतात तिच्या बरोब्बर समोरच्या जागेला मी शून्य म्हणायला निघाले होते.

९ नोव्हेंबर, रविवार

कालच्या शून्यावरून भाची अडून बसली, किल्ल्यावरचं शून्य बघायचंच. सकाळी बेडई खाऊन निघालो. आमच्या लष्कर भागातून रिक्षानं किल्ल्याच्या ग्वाल्हेर दरवाज्यापर्यंत, तिथून पायी चढ. वाटेवर चतुर्भुज मंदिर आहे, एकाच खडकातून कोरून काढलेलं, इवलंसं. मी इथे जन्मले, वाढले, आणि त्याच्यापाशी थांबून पाहिलं ते आज दुसऱ्यांदा.

भिंतीवरचा लेख संवत ९३३ चा, म्हणजे इसवी सन ८७६. देवळासाठी बाग दिल्याची नोंद आहे: २७० हात लांब, १८७ हात रुंद, आणि रोज ५० माळा देवाला. २७० आणि ५० यांच्यातली शून्यं म्हणजे छोटी वर्तुळं, बाकीच्या आकड्यांहून जरा लहानच. भाचीला वाटलं होतं मोठं काहीतरी असेल. “एवढंच?” मग जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “हे मोजायचं शून्य नाहीये आत्या, जागा धरायचं आहे. पन्नास माळा एकपासूनच मोजल्या असतील ना.”

उतरताना मी तेच डोक्यात घोळवत होते. आतली मोजणी माझी, बाहेर दिसणारी त्यांची. संध्याकाळी तसं केलं. इंटरप्रिटरच्या पोटात शून्य ते पंधरा, पण प्रोग्रॅम लिहिणाऱ्याकडून मात्रा घेताना एक वजा, दाखवताना एक मिळवायचा. पहिल्या मात्रेऐवजी × छापायची, नवव्या मात्रेपुढे लहान ०. काकांना पडद्यावर दाखवलं. चष्मा वर करून पाहिलं, काही बोलले नाहीत. त्यांच्याकडून हे पुष्कळ झालं.

१२ नोव्हेंबर

ऑफिसात रिलीज. काही नाही.

१५ नोव्हेंबर

परतीच्या शब्दावरून भांडण.

काका आता रोज विचारतात भाषेत काय चाललंय. आज म्हणाले, फंक्शन संपलं की कुठे जातं? मी सांगितलं, जिथून बोलावलं तिथेच, पुढच्या ओळीवर. “मग त्याला सम कसं म्हणतेस? गवई निघतो कुठूनही, सहाव्या मात्रेवरून, अकराव्यावरून. येतो मात्र समेवर. तुझं ते जिथून निघतं तिथंच येतं. ती सम नव्हे.”

मी म्हटलं, मग मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) म्हणू? तान संपली की गवई मुखडा धरतो. त्यांनी विचार केला आणि मग जे म्हणाले त्यानं माझी सगळी संध्याकाळ गेली. “पण तान चालू असताना ठेका थांबतो का?”

थांबत नाहीच. शेफमधला मुख्य आचारी हात बांधून उभा राहतो. फंक्शन बोलावणारा प्रत्येक प्रोग्रॅम तसाच उभा राहतो. मैफलीत कुणीच उभं राहत नाही. गवई दूर गेला तरी ठेका आपला चालू, धा धिं धिं धा, आणि परत यायची जबाबदारी गवयाची. माझ्या उपमेत फंक्शन होतं, तबलजी नव्हता. वीस दिवस मी नुसते गाण्यातले शब्द पायथनला चिकटवत होते.

शेवटी दोन बदल केले.

एक, परतीचा शब्द ‘दे’. साधा. भाचीनं सुचवला: “दुकानात पाठवलं तर आणून काय देतोस, तेवढंच ना.” थाट गेला, पण अर्थ सरळ झाला.

दोन, ‘सम’ला तिचं खरं काम दिलं. आता प्रत्येक ओळ चालली की एक मात्रा सरते, मग ती ओळ मुख्य प्रोग्रॅमची असो वा बंदिशीच्या आतली. ठेका एकच, सगळ्यांचा. आणि बंदिशीच्या आधी ‘समेवर’ लिहिलं तर तिची ‘दे’ची ओळ समेवरच पडली पाहिजे. नाही पडली तर प्रोग्रॅम थांबतो: ‘सम चुकली, ५ मात्रा उरल्या.’ मात्रा भरून काढायला ‘ऽ’ ही ओळ, जी काहीच करत नाही. भातखंडे लिपीत गीताचं अक्षर लांबवायला अवग्रहच लिहितात, त्यामुळे यावर काकांची हरकत नाही.

असल्या नियमाला पूर्वज आहे. १९७२ मध्ये प्रिन्स्टनच्या डॉन वुड्स आणि जेम्स लायन या विद्यार्थ्यांनी ‘इंटरकॅल’ केली, तिच्यात ‘प्लीज’ पुरेसं म्हटलं नाही तर प्रोग्रॅम उद्धट म्हणून नाकारला जातो आणि फार म्हटलं तर लाळघोटा म्हणून. त्यापुढे माझी सम म्हणजे शिस्तच.

अडचण लगेच दिसली. ‘जर’चे दोन फाटे असलेल्या बंदिशीत एक फाटा दोन ओळींचा, दुसरा पाच ओळींचा. समेवर दोन्ही यायला हवेत. म्हणजे आखूड फाट्यात तीन अवग्रह भरा. गुप्तलेखनाचं कोड लिहिणारे लोक हेच करतात: कुठलाही फाटा घेतला तरी वेळ तितकाच लागला पाहिजे, नाहीतर लागलेल्या वेळावरून चोर किल्ली ओळखतो. मी गंमत करायला गेले आणि भलत्याच गंभीर गल्लीत निघाले.

१६ नोव्हेंबर, रविवार

चक्रदार! तिहाईचीच तिहाई. अख्खी तिहाई हाच एक बोल धरायचा आणि तो तीनदा.

> बंदिश चक्रदार (बोल, दम, मोठादम) ।
> धर एक = गा तिहाई(बोल, दम) ।
> दे गा तिहाई(एक, मोठादम) ।
> संपूर्ण
>
> दाखव गा चक्रदार(३, १, ०) ।

उत्तर ३३. त्रितालाची दोन आवर्तनं म्हणजे ३२, वर सम. बरोब्बर! आतली तिहाई ११ मात्रांची, तीनदा ३३, मोठा दम नकोच. मग (५, १, ७) दिलं: १७ तीनदा ५१, वर १४, ६५. चार आवर्तनं आणि सम.

या दोन ओळी मला फार आवडल्या. ‘तिहाई’ला ठाऊकच नाही की तिला दिलेला बोल हा मुळात दुसऱ्या तिहाईचं उत्तर आहे. तिला आकडा मिळाला, तिनं तिप्पट केला. भाचीला हे सांगायची गरजच पडली नाही, तिनंच विचारलं, “मग चक्रदारचीही चक्रदार होईल?” झाली. काका म्हणाले ती वाजवायला रात्र लागेल आणि ऐकायला कुणी उरणार नाही.

मग तिनं स्वतःलाच गाणारी बंदिश लिहिली, थांबायची अट न घालता. पायथन साधारण हजार पायऱ्यांपर्यंत आत उतरू देतो. माझ्या प्रत्येक ‘गा’मागे पायथनची दोन-तीन फंक्शनं लपलेली असल्यामुळे आम्ही बरेच आधी आपटलो. लांबलचक इंग्रजी एररऐवजी आता ‘मैफल आटपत नाही, लोक उठून गेले’ असं येतं.

तिची दुसरी करामत: ‘समेवर बंदिश झोप’, आत पंधरा अवग्रह आणि ‘दे ०’. एररशिवाय चालते.

२३ नोव्हेंबर, रविवार

दोन तास गेले एका शब्दात. भाचीच्या प्रोग्रॅममध्ये ‘तिसऱ्या’ नावाचं व्हेरिएबल. धरते, आणि पुढच्याच ओळीवर ‘तिसऱ्या कोण? ओळख नाही.’ दोन्ही शब्द डोळ्याला सारखेच. अक्षरांचे क्रमांक छापले तेव्हा कळलं. एका ओळीत तिनं टंकलं होतं, तिथे नुक्त्याचा ऱ; दुसऱ्या ओळीत मी फोनवरून, तिथे साधा र, हलन्त आणि मागे न दिसणारा जोडक. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करायची पद्धत, या दोघांना एक करत नाही. हिंदी लिहिणाऱ्यांना हा अर्धा र लागत नाही, त्यामुळे ऑफिसातल्या मित्राला सांगितलं तर तो म्हणे, “ये प्रॉब्लेम मराठीवालों का है.” आहे खरा. टोकनायझरमध्ये दुसऱ्या रूपाचं पहिलं करून टाकलं. दर्‍या आणि वाऱ्या, सगळे आता एका रांगेत.

३० नोव्हेंबर, रविवार

थंडी पडली. महाराजवाड्यावरून गजक आणली, ती खात खात काकांसमोर सगळं एकदा चालवून दाखवलं. तिहाई, शेवट, चक्रदार, झोप. शेवटी खालीपासूनच्या सगळ्या तिहायांची यादी: बोल ३ दम ०, बोल १ दम ३. दोनच.

काका म्हणाले, “दोनचा बोल का नाही?”

मी हिशेब दाखवला. नऊ मात्रा हव्यात, दोनचा बोल तीनदा सहा, उरल्या तीन, त्या दोन दमांत वाटायच्या. तीनला दोननं भाग जात नाही. म्हणून नाही.

त्यांनी हातावर ताल धरला. कत धा, मग एक थांबा जो एकही नव्हता आणि दोनही नव्हता, कत धा, पुन्हा तोच थांबा, कत धा. धा समेवर. अगदी मध्यावर.

“दीड मात्रेचा दम,” म्हणाले. “तुझ्या भाषेला दीड येत नाही?”

येत नव्हतं. यादी करताना मी पूर्ण आकडेच तपासत होते, आणि टोकनायझर आकड्यांत टिंब ओळखतच नव्हता. भाचीनं विचारलं, टिंब लावून एक पॉइंट पाच लिहायचं का? काकांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिनं पुढचा घास न बोलता घेतला. मग तीच म्हणाली, “पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. हे शब्दच घाल ना.”

घातले, आकड्यांच्या तक्त्यात सहा ओळी. पावणेदोन आणि साडेतीन राहिले, ते नाव आणि आकडा जोडून येतात, त्यांना वेगळी बंदिश लागेल.

> दाखव गा तिहाई(२, दीड) ।
>
> ९